मीटर लावला की टिकटिक का थांबते?

प्रश्न : मी मालवणजवळ राहतो, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जुनी रशियन एसबीएम-२० नळी मिळाली, तिचा गायगर काउंटर बनवलाय. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ५५५ आयसी, कॉईल आणि ट्रान्झिस्टर लावून ४०० व्होल्ट काढायचे होते. काउंटर टिकटिक करतो, पण नळीच्या टोकाला मल्टिमीटर लावला की जेमतेम २६५ व्होल्ट दिसतात आणि तेवढा वेळ टिकटिकही बंद पडते. व्होल्टेज वाढवू का? मित्र म्हणतो, मच्छर मारायच्या रॅकेटमधलं सर्किट काढून बसव, हवे तेवढे व्होल्ट मिळतील. दुसरी शंका अशी की जून लागल्यापासून काउंटर मध्येच वेड्यासारखा वाजतो. घरचे म्हणतात, कुठूनतरी किरणोत्सर्ग आलाय. तसं असेल का? आणि किनाऱ्यावरची काळी वाळू तपासली तर काही सापडेल का?

उत्तर : व्होल्टेज अजिबात वाढवू नका. तुमचे ४०० व्होल्ट बहुधा जागच्या जागी आहेत. ते मोजायला गेलात की तेवढ्यापुरते खाली येतात, इतकंच.

हे मी अंदाजाने सांगत नाही, तुमच्याच पत्रात त्याचे दोन पुरावे आहेत. एसबीएम-२० च्या टोकाआधी ५.१ मेगाओहमचा रेझिस्टर लावायचा असतो, तो तुम्ही लावला असणारच. बऱ्यापैकी डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा आतला रोध १० मेगाओहम असतो. मीटर नळीच्या टोकाला लावला की हे दोन रोध एका रांगेत येतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. मीटरच्या वाट्याला ४०० भागिले १५.१ गुणिले १०, म्हणजे बरोबर २६५ येतात. इतका चोख आकडा योगायोगाने येत नाही.

दुसरा पुरावा टिकटिकीचा. ही नळी सुरू व्हायलाच २६० ते ३२० व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी दाब लागतो, नळीनळीत फरक असतो. तुमची नळी २६५ वर गप्प बसते आणि मीटर काढल्यावर वाजते. म्हणजे मीटर नसताना तिच्यावर २६५ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट आहेत, हे नळीनेच सांगितलं.

आता समजा, मीटरवर ४०० दिसेपर्यंत तुम्ही व्होल्टेज वाढवत नेलंत. तेव्हा पुरवठ्यावर प्रत्यक्षात ६०४ व्होल्ट असतील. मीटर काढताक्षणी ते सगळे नळीवर येतील आणि नळीत अखंड विसर्ग सुरू होईल. टिकटिक सुटी न राहता सलग घरघर ऐकू येईल, आणि ते थोडा वेळ चाललं तरी नळी कायमची बिघडते. हौशी लोकांच्या हातून नळ्या मरतात त्या बहुतेक अशाच, मीटरवर विश्वास ठेवून.

मोजायचं कसं, तर दहा मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकामागे एक जोडा. हे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. ही १०० मेगाओहमची माळ मीटरच्या लाल प्रोबला लावा आणि नळीच्या टोकाला न मोजता ५.१ मेगाओहमच्या अलीकडे, पुरवठ्याच्या कपॅसिटरवर मोजा. मीटर ३६.४ दाखवेल, त्याला ११ ने गुणा. एकच मोठा रेझिस्टर न घेता माळ करायची ती यासाठी की साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरला साधारण अडीचशे व्होल्टपलीकडचा ताण सोसत नाही. आणि तुमचा मीटर खरोखर १० मेगाओहमचा आहे का, तेही पाहून घ्या. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरांचा रोध बऱ्याचदा एकच मेगाओहम असतो. तसला मीटर तुम्हाला २६५ ऐवजी ६५ च दाखवेल.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नळीला व्होल्ट लागतात, करंट जवळजवळ लागतच नाही. आपल्या आसपासच्या नेहमीच्या किरणोत्सर्गात ही नळी मिनिटाला वीसपंचवीस वेळा वाजते. तेवढ्याला सरासरी एक मायक्रोअँपियरसुद्धा लागत नाही. उलट तुमचा मीटर एकटा साडेसव्वीस मायक्रोअँपियर ओढतो. नळीपेक्षा मीटरच खादाड!

हे चारशे व्होल्ट कॉईलमधून निघतात कसे, हे तुमच्यासोबत इतर वाचकांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. विहिरीवरचा पंप एकदम बंद केला की पाइपात दणका बसतो, कारण वाहतं पाणी थांबायला तयार नसतं. कॉईलमधल्या करंटचंही तसंच आहे. ट्रान्झिस्टर चालू असताना करंट वाढत जातो, ट्रान्झिस्टर अचानक बंद केला की तो वाट शोधतो आणि कॉईलच्या टोकाचा दाब उसळतो. डायोड त्या उसळीला कपॅसिटरमध्ये जाऊ देतो, परत येऊ देत नाही. एक मिलिहेन्रीची कॉईल आणि १०० मिलिअँपियर करंट धरला तर एका उसळीत पाच मायक्रोज्यूल ऊर्जा मिळते. सेकंदाला दहा हजार उसळ्या म्हणजे ५० मिलिवॅट झाले. निम्मे गळतीत गेले असं धरलं तरी ४०० व्होल्टवर साठेक मायक्रोअँपियर उरतात. नळीच्या हिशेबात ही चैन आहे.

सुट्या भागांपैकी दोघांकडे लक्ष द्या. ट्रान्झिस्टरला ही उसळ सोसली पाहिजे. जळालेल्या सीएफएल दिव्याच्या बुडात १३००३ नावाचा ट्रान्झिस्टर सापडतो, तो चालतो. त्याच दिव्यातला १एन४००७ डायोड मात्र घेऊ नका. हजार व्होल्ट तो सोसतो, पण बंद व्हायला फार वेळ लावतो आणि कमावलेलं परत जाऊ देतो. यूएफ४००७ घ्या, तो चपळ आहे.

चारशेच्या जागी ३९५ आले की ४०५, याची चिंता करू नका. एसबीएम-२० ३५० ते ४७५ व्होल्टच्या पट्ट्यात काम करते, आणि त्या पट्ट्यातल्या सपाट भागात व्होल्टेज बदललं तरी मोजणी फारशी हलत नाही. व्होल्टमागे दशांश टक्का, म्हणजे दहा व्होल्टनी फार तर एक टक्का. बॅटरी उतरत गेली तरी दाब तिथेच राहावा म्हणून शंभर व्होल्टचे चार झेनर डायोड रांगेत लावून ५५५ ला थांबवण्याची व्यवस्था केलीत की पुरे. लोक या पुरवठ्याच्या अचूकतेवर महिने घालवतात, ते वाया जातात.

हा सपाट पट्टा इतक्या कमी व्होल्टवर मिळतो, हे उपकार हॅलोजनचे. रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी १९०८ मध्ये मँचेस्टरला पहिली मोजणी-नळी केली. गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये कील इथे तिला आजचं रूप दिलं. त्यानंतरच्या काळात नळीत मद्यार्काची वाफ भरत. प्रत्येक टिकेबरोबर थोडी वाफ मोडून जाई, नळीचं आयुष्य ठरलेलं असे आणि दाब हजार व्होल्टच्या आसपास लागे. १९४७ मध्ये सिडनी लिब्सन यांनी हॅलोजन वापरून दाखवला. तो मोडतो आणि पुन्हा जुळतो. त्यामुळे नळ्या टिकाऊ झाल्या, दाब निम्म्यावर आला आणि हे काम विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊ शकलं.

आता रॅकेट. मित्राला सांगा, डास मारायला ठीक आहे. त्या सर्किटला नियंत्रण नावाचा प्रकार नसतो. मोकळं सोडलं तर ते हजार-दोन हजार व्होल्टपर्यंत चढतं, बॅटरी भरलेली की उतरलेली यावर आकडा बदलतो, आणि नळीला हवाय तो तर अरुंद, ठरलेला पट्टा. त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर काढून स्वतःचं नियंत्रित सर्किट करणं वेगळं; आख्खं सर्किट उचलून बसवणं म्हणजे नळी मारण्याचा सोपा मार्ग.

शॉकचं म्हणाल तर तुमच्या पुरवठ्यात १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ४०० व्होल्टला त्यात एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा असते. बोट लागलं तर चटका बसेल, हात झटकाल. पण व्होल्ट स्थिर राहावेत म्हणून कुणी मोठा कपॅसिटर घालायला सांगितलं तर ऐकू नका. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर शंभर-सव्वाशे मायक्रोफॅरडचा असतो. तीनशे व्होल्टला त्यात पाच ज्यूल साठतात, तुमच्या कपॅसिटरच्या हजारो पट. तो छातीतून गेला तर जीव घेऊ शकतो. आणि घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून डायोड-कपॅसिटर लावून थेट चारशे-सहाशे व्होल्ट काढायची जी चित्रं फिरतात, ती पाहूही नका. तिथे मागे अख्खं वीज मंडळ उभं असतं. बॅटरीवरच राहा.

आता खास तुमच्या गावचं दुखणं, जूनपासून वेड लागण्याचं. घरच्यांची समजूत आधी घालतो. जैतापूरला अजून अणुभट्टी उभी नाही. चालू असलेलं सर्वांत जवळचं केंद्र कारवारकडचं कैगा, मालवणपासून दीडशे किलोमीटरच्या पुढे. शिवाय वातावरणातला किरणोत्सर्ग नोंदवणारी इर्मॉन नावाची यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर उभारली आहे आणि तिच्या केंद्रांमध्येही गायगर-म्यूलर नळ्याच असतात, तुमच्यापेक्षा पुष्कळ नीट बांधलेल्या. काही खरोखर पसरलं असतं तर ते एकट्या तुमच्याच टेबलावर कळलं नसतं.

मग वाजतं काय? बहुधा मीठ. किनाऱ्यावरची हवा प्रत्येक वस्तूवर मिठाचा पातळ थर बसवते, हे तुमच्या खिडकीच्या गजांना माहीत आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठसुद्धा पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या कितीतरी आधी. पावसाळ्यात मालवणला आर्द्रता त्याखाली क्वचितच जाते. म्हणजे तुमच्या बोर्डावरचा तो थर जूनपासून सप्टेंबरपर्यंत चक्क खारं पाणी असतो. आणि तुमच्या सर्किटमधले रोध आहेत मेगाओहमांचे. दहा-वीस मेगाओहमची चोरवाट दोन टाक्यांच्या मधून निघाली की चारशे व्होल्ट खाली येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे थांबत थांबत, ठिणगीठिणगीने मोजणीच्या वायरीत शिरतात. काउंटर त्यांना किरण समजून वाजतो.

त्यात सोल्डरिंगच्या डबीतली पेस्ट वापरली असेल तर विचारूच नका. ती टाक्याभोवती राहिली की ओल धरते. उच्च दाबाच्या जागी फक्त रोझिन असलेली सोल्डर वायर वापरा. झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने खरवडून धुवा, वाळवा आणि मग त्याला बोटही लावू नका. डॉट बोर्डवर काम केलं असेल तर उच्च दाबाच्या टाक्याभोवतीची तांब्याची एकेक रांग ब्लेडने काढून टाका. नळीचं टोक, ५.१ मेगाओहमचा रेझिस्टर आणि तिथला कपॅसिटर शक्यतो बोर्डाला न टेकवता हवेतच जोडा. वरून पीसीबीवर मारायच्या लॅकरचे दोन हात द्या, पण बोर्ड कोरडा असतानाच. ओल्या बोर्डावर लॅकर मारला तर मीठ आत कोंडून बसेल. शेवटी सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर तापवून कोरड्या करून घ्या.

खरा किरण आणि खोटी ठिणगी यांतला फरक ओळखायला मात्र लॅकरची वाट पाहायला नको. काउंटर बंद करा, कपॅसिटर रिकामा होऊ द्या, नळी काढा आणि नळीविनाच चालू करा. तरी वाजला, तर दोष सर्किटचा. गप्प राहिला तर पुढची चाचणी आकड्यांची. दहा-दहा मिनिटांची मोजणी वहीत लिहा. किरणोत्सर्गाची टिकटिक बेशिस्त असते, पण तिच्या बेशिस्तीला हिशेब असतो. सरासरी २०० आली तर तीनांतल्या दोन नोंदी १८६ ते २१४ च्या दरम्यान पडायला हव्यात, कारण चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. एकदा १९०, एकदा ९५०, मग पुन्हा २०० असे ठोके आले तर ते ओलीचे.

मात्र पावसाने किरणोत्सर्ग खरोखरही वाढतो, हे घरच्यांना हळूच सांगायला हरकत नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू निघतो, हवेत मिसळतो आणि त्याच्या विघटनातून शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात. हे कण धुळीला चिकटून तरंगत असतात. पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. सर येऊन गेल्यावर गाडीचं ओलं टप टिश्यू पेपरने पुसा, तो कागद नळीला जवळजवळ चिकटवून धरा. मोजणी वाढलेली दिसते आणि अर्ध्या-पाऊण तासात ती वाढ निम्म्यावर येते, कारण या दोघांचा अर्धायुष्यकाळ अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांचा आहे. ओलीचा आवाज असा ठरलेल्या गतीने उतरत नाही, ऊन पडेपर्यंत चालूच राहतो. आणि यात गंमत अशी की भर श्रावणातली संततधार या प्रयोगाला कामाची नाही. नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर समुद्रावरून येतो, समुद्रातून रेडॉन जवळपास निघतच नाही, त्यामुळे त्या पावसात धुण्यासारखं फारसं नसतं. घाटाकडून गडगडत येणारा मे महिन्यातला वळीव बघा, किंवा ऑक्टोबरमधला परतीचा. त्याच्यात जमिनीवरची हवा असते.

काळ्या वाळूकडून फार आशा ठेवू नका. कोकणपट्टीवरचा काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे इल्मेनाइटचे साठे प्रसिद्धच आहेत. ही लोहाची आणि टायटॅनियमची खनिजं आहेत, नळी त्यांच्यापुढे बहुधा नेहमीच्याच चालीने वाजेल. वाजवणारी वाळू केरळची, चवऱ्याकडची, कारण तिच्यात थोरियमवाला मोनाझाइट आहे. त्याचा शोधही मजेशीर लागला. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडला. वाळू विकायला कुणी निघालं नव्हतं, ती दोरखंडाबरोबर फुकट गेली होती. तरीही तुमच्या किनाऱ्यावर मोजा. भरती-ओहोटीच्या रेषेवर काळे पट्टे जमतात त्यावर आणि शेजारच्या पांढऱ्या वाळूवर प्रत्येकी तासभर. फरक शून्य आला तरी ती नोंदच आहे.

नळी खरोखर वाजताना ऐकायची असेल तर गावातल्या एखाद्या जुन्या दशावतारी मंडळीला विचारा. रंगमंचावर विजेचे दिवे येण्याआधी दशावतार गॅसबत्तीच्या उजेडात रंगायचा आणि त्या बत्तीच्या मँटलमध्ये थोरियम असायचं. तुर्भ्याच्या थोरियम कारखान्यात १९५५ पासून थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं ते बरंचसं याच मँटलांसाठी. कुणाच्या पेटाऱ्यात न वापरलेला जुना मँटल निघाला तर तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून नळीजवळ धरा, मोजणी कितीतरी पटींनी चढेल. जळलेल्या मँटलची राख मात्र हाताळू नका, तिचा कण श्वासात जाता कामा नये. हल्लीच्या बऱ्याच मँटलमध्ये थोरियम नसतं, तेव्हा नवा आणून पैसे घालवू नका. मँटल नाहीच मिळाला तर आंब्याच्या कलमांना घालायचं पोटॅश आहे. त्यातल्या पोटॅशियम-४० मुळे मोजणी थोडीच वाढते, पण अर्धा तास धीर धरलात तर वहीत दिसते.

याउपर कुठलाही किरणोत्सर्गी स्रोत विकत घ्यायला जाऊ नका. काउंटर घरी बनवायला परवाना लागत नाही, पण स्रोत बाळगण्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत आणि ते उगाच केलेले नाहीत. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठातलं जुनं उपकरण मोडीत गेलं. त्यातल्या कोबाल्ट-६० ने अनेकांना भाजलं आणि एकाचा जीव गेला. भंगाराजवळून जाताना तुमचा काउंटर कधी खरोखरच सलग वाजू लागला, तर तो घेऊन जवळ जाऊ नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

बाकी, माळ लावून मोजलेले व्होल्ट किती आले ते लिहा. पुढच्या वळवाच्या वेळी टिश्यू पेपरची नोंदही पाठवा, पण दर पाच मिनिटांचे आकडे हवेत, नुसतं ‘वाढलं’ असं नको.